द्वा, दो, दुआ आणि आपला दोन: आकड्यांची भाऊबंदकी

पिंपळगाव बसवंतहून द्राक्षं आणि कांदा परदेशी पाठवणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलंय: "रशियाचं गिऱ्हाईक फोनवर पेट्या मोजताना 'द्वा, त्री' म्हणतं, दुबईतला इराणी व्यापारी 'दो, से, चहार, पंज' म्हणतो आणि मलेशियाचा माणूस 'दुआ'. ऑफिसात यावरून दोन तट पडलेत. एक म्हणतो, सगळ्या भाषा संस्कृतातून निघाल्या. दुसरा म्हणतो, निव्वळ योगायोग. खरं काय? आणि जाता जाता एक: माझ्या मुलीचा एकोणसाठ-एकोणसत्तरचा घोळ सुटत नाही. आपलेच आकडे इतके वाकडे का?"

नाशिकमध्ये भाषाशास्त्र शिकवताना हा प्रश्न मला दरवर्षी पहिल्याच महिन्यात भेटतो, त्यामुळे उत्तर जरा ऐसपैस देतो.

आधी निकाल. रशियन 'द्वा' आणि फारसी 'दो' हे आपल्या 'दोन'चे भाऊबंद. मलेशियाच्या 'दुआ'चा आपल्याशी काडीचा संबंध नाही. म्हणजे तुमचे दोन्ही तट अर्धे जिंकले, अर्धे हरले. आणि भाऊबंद असले तरी रशियन किंवा फारसी संस्कृतच्या पोटची नाही. संस्कृत ही त्यांची थोरली बहीण म्हणा. या सगळ्यांची आई लिहिण्याची कला येण्याआधीच लोपली. 2 फेब्रुवारी 1786 रोजी कलकत्त्याला विल्यम जोन्स या न्यायाधीशानं एशियाटिक सोसायटीपुढे जे भाषण केलं त्यात नेमकं हेच होतं: संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांतलं साम्य योगायोगानं येण्यापलीकडचं आहे आणि त्यांचं मूळ कदाचित आता शिल्लकही नसेल.

संस्कृत आई का नव्हे, हे भिंतीवरच्या कॅलेंडरात दिसतं. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर म्हणजे सप्त, अष्ट, नव, दश. रोमन लोकांचं जुनं वर्ष मार्चला सुरू व्हायचं, म्हणून हे महिने सातवा ते दहावा. आता स्वर बघा. लॅटिनमध्ये आठ 'ओक्तो', दहा 'देकेम': एकीकडे ओ, दुसरीकडे ए. संस्कृतात दोन्हीकडे अ: अष्ट, दश. जुने ए, ओ, अ हे तीन ऱ्हस्व स्वर संस्कृतात एकच अ होऊन बसले. लॅटिन जर संस्कृतातून निघाली असती, तर कुठल्या अ चा ए करायचा आणि कुठल्याचा ओ, हे तिला कुणी सांगितलं असतं? एकदा मिसळलेलं पुन्हा नेमकं वेगळं होत नाही. संस्कृतचा मोठेपणा यानं कमी होत नाही, पण वंशावळ भावनेवर लिहिता येत नाही.

नातं ओळखायचं कसं? कानाला सारखं वाटतं म्हणून मुळीच नाही. ध्वनींच्या जोड्या लावायच्या आणि त्या जोड्या आकड्यांबाहेरही टिकतात का ते पाहायचं. आपल्याकडे द असेल तिथे इंग्रजीत ट येतो: दोन-टू, दहा-टेन, आणि आकडे सोडून दंत-टूथ. आपल्याकडे प तिथे इंग्रजीत फ: पाच-फाइव्ह, पिता-फादर, पाद-फूट. जर्मन पंडित याकोब ग्रिम यानं 1822 साली या जोड्या नियम म्हणून मांडल्या. सुटा शब्द जुळला तर मी ढुंकूनही पाहत नाही. रांगच्या रांग एका नियमानं हलली की मग वाद संपतो.

फारसीचंही तसंच. आपल्या दंत्य स चा तिकडे ह होतो. सप्तचा 'हफ्त', सिंधूचा 'हिंदू', सहस्रचा 'हजार'. यातली गंमत अशी की यातले काही शब्द मुसलमानी अमलात आपल्याकडे परत आले आणि भावाशेजारी येऊन बसले. गोदाकाठच्या मठात हरिनामाचा सप्ताह बसतो आणि त्याच गल्लीत ट्रॅक्टरच्या कर्जाचा हप्ता थकतो; दोघांच्याही पोटात तोच सात आहे. डझनाचंही असंच. ते फ्रेंचमधून इंग्रजीत आणि तिथून आपल्या केळीवाल्याकडे आलं, पण मूळ लॅटिन 'दुओदेकिम', म्हणजे दोन-आणि-दहा, म्हणजे द्वादश. डझन आणि बारा ही एकाच शब्दाची दोन रूपं.

इथे एक सापळा आहे, हुशार विद्यार्थी हमखास त्यात सापडतात. मराठी 'दहा', फारसी 'दह'. हिंदीत मात्र 'दस'. मग मराठीनं हा शब्द फारसीतून उचलला का? नाही. प्राकृतातच, म्हणजे संस्कृत आणि मराठी यांच्या मधल्या काळातल्या बोलीतच, दसचा दह झाला होता आणि मराठीनं तो तिथून घेतला. हाच बदल आपल्या सत्तरमध्ये दिसतो: एकटा असताना सत्तर, पण एकाहत्तर, बहात्तर म्हणताना त्याचा हत्तर होतो. फारसीतला ह वेगळ्या वाटेनं आला. पारशांच्या अवेस्ता या जुन्या धर्मग्रंथात सात 'हप्त' आहे पण दहा 'दस'च आहे. 'दह' ही पुढची, इराणच्या दुसऱ्या एका बोलीतली घडामोड. शब्द नात्यातले, पण त्यांचं आजचं साम्य दोघांनी आपापलं कमावलेलं.

उलटंही होतं. आर्मेनियन भाषेत दोनला 'एर्कु' म्हणतात. दोन आणि एर्कु यांच्यात एक तरी अक्षर जुळतं का? तरी ते सख्खं नातं आहे, कारण जिथे जिथे जुन्या भाषेत शब्दाच्या सुरुवातीला द्व होता तिथे आर्मेनियनमध्ये 'एर्क' सापडतो, आकड्यांबाहेरच्या शब्दांतही. फ्रेंच भाषापंडित आंत्वान मेये यानं हे दाखवलं. साम्यावर भाळणाऱ्या माणसाला मी हे उदाहरण आवर्जून देतो.

आता तुमच्या ऑफिसपासून तासाभराच्या अंतरावरचा पुरावा. नाशिकची पांडवलेणी तुम्ही पाहिली असतीलच. पायऱ्या चढून दमलेले लोक ओसरीत बसतात आणि डोक्यावर काय लिहिलंय ते बघत नाहीत. दहा नंबरच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातले, संस्कृतचा वास असलेल्या प्राकृतातले. त्यातला एक लेख म्हणजे चक्क मुदतठेवीची पावती आहे. उषवदातानं लेण्यातल्या भिक्षूंसाठी तीन हजार काहापण, म्हणजे कार्षापण नाणी, गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, ठेवली. गोवर्धन म्हणजे गंगापूर रस्त्यावरचं आपलं गोवर्धनच. एका श्रेणीकडे दोन हजार, शेकडा एक दरानं. दुसरीकडे एक हजार, शेकडा पाऊण दरानं. मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज खायचं. पहिल्या रकमेच्या व्याजातून वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा. हिशेब करून बघा: दोन हजारांवर दरमहा शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस, वीस भिक्षू गुणिले बारा, दोनशे चाळीस. पै न पै जुळते.

पण मला त्यात शब्द दिसतात. दोन हजारांसाठी लेखात 'सहस्रानि बे' आहे. हा 'बे' आपल्या 'दोन'चाच भाऊ. द्वे म्हणताना जिभेवर द आणि व एकमेकांना ढकलतात. द जिंकला की दो, दोन. व जिंकला की बे. आज गुजरातीत दोनला 'बे' म्हणतात, देवळाली कॅम्पातला सिंधी 'ब' म्हणतो. मराठीनं रोजच्या बोलण्यात दोन ठेवला, पण पाढ्यात 'बे एके बे, बे दुणे चार' अजून चालूच आहे. लॅटिननंही स्वतंत्रपणे हेच केलं: आकडा 'दुओ' राहिला, पण 'दोनदा' म्हणजे 'बिस'. आपल्या बायसिकलमधला 'बाय' तिथला.

प्रत्येकी बारा, यासाठी शब्द आहे 'बारसक'. म्हणजे द्वादशचा बारस झाला होता, बारा व्हायचा होता. द्वादश, बारस, बारह, बारा या प्रवासातलं मधलं स्टेशन नाशिकच्या खडकात कोरून ठेवलंय. आणि शेकडा पाऊणसाठी लेखातला शब्द 'पायून' आहे: पाद अधिक ऊन, पावानं कमी. भाजीबाजारात पाऊण किलो गवार मागणारी बाई उषवदाताच्या हिशेबनिसाचाच शब्द वापरते. पुढे नारळाची आठ हजार झाडं दान दिल्याची नोंद आहे, तिथे 'अठ'.

शब्दाशेजारी अंकचिन्हंही कोरलेली आहेत, पण तेव्हा शून्य आणि स्थानमूल्य वापरात नव्हतं. लेखातलं 42 हे वर्ष लिहायला चाळीसचं एक चिन्ह आणि त्यापुढे दोनचं. अंकांच्या इतिहासात नाशिकच्या लेण्यांचं नाव येतं ते यामुळे.

बारावरून आठवलं: अकरा, बारा, तेरा, पंधरा, सतरा, अठरा या सगळ्यांत दश शब्दाच्या द चा र झालाय. मग चौदामध्ये द कसा वाचला? कारण चतुर्दशमध्ये द एकटा नव्हता. र्द चा प्राकृतात द्द झाला, आणि जोडाक्षर सहसा झिजत नाही. मोकळा द मात्र दोन स्वरांच्या कात्रीत सापडून घासला गेला. सोळामध्ये मूळचाच ड होता, षोडश, त्याचा ळ. पंधरामध्ये न आणि र शेजारी आले की मध्ये आपोआप एक आवाज उगवतो, वानरचं वांदर होतं तसा. वाकडेपणातही शिस्त आहे ती अशी. पन्नाशीत हाच नियम प वर चालतो: द्वापञ्चाशतचा बावन्न, प चा व, जसा दीपचा दिवा. पण षट्पञ्चाशतमध्ये ट आणि प चिकटले, प्प झाला, आणि छप्पन्नमध्ये प टिकला. चौदा जसा वाचला तसाच छप्पन्न वाचला. माझ्या मते भाषेच्या वर्गात मुलांना शिकवण्यासारखं याहून चांगलं काही नाही, आणि ते कुठल्याच पाठ्यपुस्तकात नसतं.

मलेशियाकडे वळू. सातु, दुआ, तिगा, अंपात, लिमा, अनाम, तुजुह... दुसराच शब्द तेवढा आपल्यासारखा, बाकी रांग परकी. या कुटुंबाचे खरे नातेवाईक समुद्रावर पसरलेत: पाचला मलयमध्ये 'लिमा', हवाई बेटांवरही 'लिमा' आणि तिथे त्याचा अर्थ हातही होतो, माओरीत 'रिमा', आणि पार आफ्रिकेच्या कुशीतल्या मादागास्करमध्ये 'दिमी'. एवढ्या अंतरावर शब्द कुणी नेला? होड्या घेऊन निघालेल्या माणसांनी. अशी रांग मिळाली की 'दुआ'चं आपल्या 'दो'शी जुळणं आपोआप गळून पडतं.

असे चकवे खूप. संथाळीत दोनला 'बार' म्हणतात. आपल्या बारामधल्या बा शी त्याचा संबंध जोडू नका. संथाळीत तीन-चार म्हणजे 'पे, पोन' आणि व्हिएतनामीत 'बा, बोन'. तिचे सोयरे तिकडे पूर्वेला आहेत. आपल्या मेळघाटातली कोरकू याच घराण्यातली. तमिळमध्ये आठ 'एट्टु', ऐकायला अगदी आपल्या आठसारखं. पण कन्नडमध्ये तो 'एंटु', तेलुगूत 'एनिमिदि', म्हणजे मूळ 'एण' असं काही, आणि साम्य विरून जातं. द्राविडी भाषांची आपली स्वतंत्र शिस्त आहे: तमिळमध्ये दहा 'पत्तु', कन्नडमध्ये 'हत्तु', आणि तसंच दूध 'पाल' तर 'हालु', वाघ 'पुलि' तर 'हुलि'. गडचिरोलीच्या गोंडीत सहाला 'सारुंग' म्हणतात. आपला सहा आठवतो ना? तमिळ-कन्नडमध्ये तो 'आरु' आहे. सुरुवातीचं व्यंजन त्यांनी गमावलं, गोंडीनं स च्या रूपात राखलं. आपला त्यात काही हात नाही.

'आकडे कधी उसने घेतले जात नाहीत' असं एक विधान ऐकू येतं. साफ खोटं आहे. जपाननं इचि, नि, सान ही मालिका चिनीतून घेतली, आणि घरची हितोत्सु, फुतात्सु, मित्त्सु ही मालिका वस्तू मोजायला शेजारी ठेवली. थायलंडचे साम, सी हेही चिनी वळणाचे. बलुचिस्तानात ब्राहुई नावाची द्राविडी भाषा आहे. तिचे एक, दोन, तीन घरचे आणि चारपासून पुढे सगळे इराणी. त्यामागे साधं कारण आहे: लहान आकडे घरात, मोठे बाजारात. मोठा आकडा शेजाऱ्याच्या तोंडून आधी ऐकू येतो. म्हणून कन्नडमधला हजार, 'साविर', सहस्रातून आला आणि आपला हजार फारसीतून. फिनलंडची भाषा आपल्या घराण्यातली नव्हे, तिथे दोन 'काक्सि', तीन 'कोल्मे'; पण शंभर म्हणजे 'साता'. हंगेरीत 'साझ'. दोन्ही आपल्या शत शब्दाच्या जुन्या रूपावरून, हजारो वर्षांपूर्वी स्टेप या गवताळ मैदानात आर्य-इराणी भाषा बोलणाऱ्यांकडून उचललेले. तेव्हा सुटा शंभर जुळला तर देणंघेणं समजा. एक ते दहा नियमानं जुळले तर नातं तपासायला घ्या.

अपूर्णांकांबद्दल दोन शब्द, कारण तुमच्या धंद्यात अडीच आणि साडेतीन रोज लागतात. अडीच हा अर्धतृतीयमधून आला: 'तिसरा अर्धा', म्हणजे दोन पुरे आणि तिसऱ्याचा अर्धा. औट हातांचा देह म्हणतात तो औट अर्धचतुर्थचा, साडेतीन. दीड द्व्यर्धचा, आणि रशियन 'पलतरा', म्हणजे दीड, त्याचीही घडण तीच: अर्धा दुसरा. डॅनिश लोकांची तर कमाल आहे. त्यांचा पन्नास, 'हाल्वत्रेस', उलगडला तर निघतो 'अर्धा-तिसरा गुणिले वीस', म्हणजे अडीच विसा. आपल्याकडे जुनी माणसं तीन विसा, चार विसा मोजायची, त्यांना कोपनहेगनच्या बाजारात काही जड गेलं नसतं. शब्द इकडून तिकडे गेलेले नाहीत, विचाराची घडण तेवढी एक.

आता मुलीचं. आपले आकडे वाकडे दिसतात कारण ते जोडशब्द आहेत आणि दोन हजार वर्षं रोज तोंडात घोळून झिजलेत. पाच एकटा असताना पाच, पण पस्तीस, पंचेचाळीस, पासष्ट, पंच्याहत्तर अशी त्याची रूपं बदलत जातात. त्यात आपण एकक आधी बोलतो, दशक नंतर: एक-वीस. लिहिताना मात्र दोन आधी. जर्मन आणि अरबी मुलांचीही हीच तक्रार असते. नॉर्वेनं 1951 साली सरकारी निर्णयानं क्रम उलटा केला, तरी म्हातारी माणसं जुन्याच पद्धतीनं बोलत राहिली. आपल्याकडे 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' आलं तेव्हा केवढा गहजब झाला ते आठवत असेल. मला विचाराल तर सुरुवातीला समजायला 'वीस एक' वापरायला हरकत नाही, पण एकवीस टाकू नये, बाजारात, एस.टी.त, आजीच्या तोंडी तोच आहे.

एकोणचा घोळ मात्र दहा मिनिटांत सुटतो. एकोण म्हणजे एक-ऊन, एक कमी. पाऊणमधला तोच ऊन. रोमन लोकही एकोणिसाला 'वीसला एक कमी' असंच म्हणत. मुलीला सांगा, 'एकोण' झाकायचं, उरलेला आकडा वाचायचा आणि त्यातून एक वजा करायचा. एकोणसाठ: साठ, वजा एक. एकोणसत्तर: सत्तर, वजा एक. एकोणनव्वदपर्यंत ही किल्ली चालते. नव्याण्णवला चालत नाही, तिथे सरळ नऊ आणि नव्वद आहेत, तो एक पाठच करायचा.